घड्याळाची मागची बाजू

"काट्यांकडे नको बघूस. काटे कुणीही कुठंही फिरवतं. तू आवाज ऐक."

ताईचे वडील, अण्णा, हे म्हणाले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि दुकानातल्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत होती. दुकान म्हणजे तरी काय, जिन्याखालची जागा. आत दोन माणसं आली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहून आपलं घड्याळ हातानं आत सरकवायचं. पण भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि चाळीस घड्याळांत चाळीस निरनिराळ्या वेळा. अण्णा डोळ्याला भिंग लावायचे, एखाद्या घड्याळाची पाठ उघडायचे आणि ते तिच्या कानाशी धरायचे. टिकटिक, टिकटिक, आणि मध्येच एक टिक जरा दमलेली, जिना चढून आल्यासारखी. "सापडली?" अण्णा विचारायचे. "तिथं दुखतंय त्याला."

पंचेचाळीस वर्षांनी हा आवाज ताईच्या कानात पुन्हा उमटला तो एका परिपत्रकामुळे. परिपत्रक वाचताना माणसाला काय काय ऐकू येतं, याचा एकदा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

ताई एका मोठ्या रुग्णालयात व्यवसायोपचार विभागाची प्रमुख होती. अधीक्षकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. खरं नाव हजेरीपटात एकटंच दिवस काढत होतं. व्यवसायोपचार म्हणजे काय हे ती तीस वर्षं सांगत आली होती. अर्धांग झालेल्या माणसाला शर्टाचं बटण पुन्हा लावायला शिकवायचं, थरथरणाऱ्या हाताला चमचा तोंडापर्यंत न्यायला शिकवायचं, मोडलेल्या माणसाला त्याचा दिवस परत मिळवून द्यायचा. लोक सगळं ऐकून घेत, मान डोलावत, आणि मग म्हणत, "बरं झालं भेटलात. आमच्या पुतण्याला कुठं चिकटवता येईल का?"

परिपत्रकात लिहिलं होतं की विभागातल्या बाराही थेरपिस्टना स्मरण आणि आकलनाची चाळणी चाचणी घेण्याचं प्रशिक्षण महिनाअखेरपर्यंत द्यावं. प्रशिक्षक, विभागप्रमुख. ताईनं स्वतः हे प्रशिक्षण दोन दिवस जाऊन घेतलं होतं. पहिला दिवस हॉलची किल्ली शोधण्यात गेला आणि दुसरा सगळ्यांचा एकत्र फोटो काढण्यात. तरी मधल्या तासाभरात ती जे शिकली ते मनापासून शिकली, कारण चाचणी खरोखरच चांगली होती. एकच कागद, दहा मिनिटं, तीस गुण. पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. शंभरातून सात सात वजा करायला लावायचे. चित्रातले प्राणी ओळखायला सांगायचे. आणि एक घड्याळ काढायला सांगायचं: गोल, आकडे, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. चाचणी आजार सांगत नाही. धान्य चाळताना खडा हाताला लागावा तसं ती एवढंच सांगते की इथं जरा थांब, नीट बघ.

कागद सोपा. अवघड भानगड निराळीच असते. एकाच उत्तराला बारा जणांनी बारा वेगवेगळे गुण दिले तर ती चाचणी राहत नाही, लिलाव होतो. म्हणून प्रशिक्षण म्हणजे बारा डोक्यांना एकाच मापानं मोजायला शिकवणं. आणि ताईच्या विभागात बारा डोकी अशी होती की एका खोलीतला पंखा किती वेगानं फिरवावा यावरही त्यांचं कधी एकमत झालेलं नव्हतं.

त्यातला एक शंकेखोर. त्याचा हात प्रश्न सुचायच्या आधीच वर जायचा. समजा पेशंट डावखुरा असला तर? समजा त्याला सातचा आकडाच आवडत नसला तर? समजा पेशंट आलाच नाही तर त्याला किती गुण द्यायचे? दुसरी नियमावली. तिनं चाचणीच्या पुस्तिकेला खाकी कव्हर घातलं होतं, आणि कुणी काहीही बोललं की तिचं बोट त्या पुस्तिकेत शिरायचं. तिसरी छोटी. लागून चारच महिने झालेले, बोलायची कमी, आणि बसायची नेहमी दाराजवळ, आता हिला कुणी बाहेर बोलावणार आहे अशी. बाकीचे नऊ जण साधे होते, म्हणजे जो शेवटी बोलला त्याचं म्हणणं त्यांना पटायचं.

पहिलं विघ्न भांडारातून आलं. चाचणीची मूळ प्रत एकच. भांडारपालांनी तिची प्रत काढली, त्या प्रतीची प्रत काढली, आणि असं करत करत बाराव्या कागदापर्यंत पोचताना चित्रातला गेंडा कुठंतरी वाटेत राहिला. त्याच्या जागी भिजलेलं पोतं आलं. ताई तक्रार घेऊन गेली तेव्हा भांडारपालांनी लेखी दिलं की सदर प्राणी मूळ प्रतीतही असाच होता. पहिला अख्खा तास पेशंटनं त्याला "पोतं" म्हटलं तर चूक धरायचं की बरोबर, यात गेला. तास संपला तेव्हा ताईची टाच दुखत होती आणि फळ्यावर फक्त "गेंडा" एवढंच लिहिलेलं होतं.

पण खरं संकट पुढं होतं. शेवटच्या प्रात्यक्षिकासाठी एक धडधाकट माणूस हवा होता. वय पासष्टच्या वर, आणि चाचणी त्यानं आधी कधी पाहिलेली नसावी. एकानं चाचणी घ्यायची, सगळ्यांनी गुण द्यायचे, आणि प्रशिक्षकाचा गुण तोच खरा धरून बाकीच्यांचे त्याच्याशी ताडून बघायचे. हे पार पडलं तरच प्रशिक्षण झालं म्हणायचं.

ताईनं आपल्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांना विचारलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी जिना उतरताना ते अजून वर्गात शिरल्यासारखे खाकरत. त्यांनी आनंदानं होकार दिला आणि तयारीसाठी म्हणून कागद आधीच मागून घेतला. पेशंटनं कागद आधी बघायचा नसतो हे ताईला माहीत होतं. पण समोर हेडमास्तर हात पुढं करून उभे होते, आणि ती चौथीत असताना त्यांनी तिला एकदा पट्टी मारली होती. हात आपोआप पुढं गेला.

हेडमास्तरांनी कागद तपासून, लाल शाईनं तीन चुका काढून परत केला. वर असंही सांगितलं की आपण स्वतःपुरतंच पाहणारे नाही. इमारतीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना संध्याकाळी गच्चीवर बसवून सराव घेतला आहे. निकाल उत्तम लागेल. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात ताईला जो म्हातारा माणूस भेटेल तो नमस्काराच्या आधी "शिडी, कापूस, चिमणी, पितळ, हिरवा" असं म्हणून छाती पुढं काढायचा. तळमजल्यावरच्या आजी तर पाचही शब्द उलटे म्हणून दाखवायच्या आणि हे शिकवणीत नव्हतं, माझं मीच बसवलं, असं सांगायच्या. त्या पंचक्रोशीत ज्याचं स्मरण तपासावं असा एकही माणूस शिल्लक उरला नाही.

घरी नवऱ्यावर प्रयोग करावा तर त्याला पासष्टला अजून अवकाश होता. तरी तिनं करून पाहिला. त्याला चार शब्द आठवले, आणि पाचवा तिनं सांगितलाच नव्हता, असा वाद तो आजतागायत घालतो. त्याच वादाच्या शेवटी तो सहज बोलून गेला, "मग अण्णांना का नेत नाहीस? घरात माणूस असताना गावभर काय हिंडतेस?"

ताई कपबशा उचलून आत गेली.

अण्णा तीन वर्षांपासून तिच्याकडे होते, दुकान बंद केल्यापासून. येताना त्यांनी चाळीसातलं एकच घड्याळ बरोबर आणलं, लाकडी चौकटीचं, चावीचं. ते समोरच्या खोलीत लावलं, आणि ताईच्या सकाळीला लहानपणचा सूर परत लागला. स्वयंपाकघरातून ती हाक द्यायची, "अण्णा, किती वाजले?" आणि बाहेरून अण्णांचं उत्तर यायचं, मिनिटासकट, कधी सेकंदासकट. भाजी शिजायची, डबा भरायचा, चप्पल पायात जायची, सगळं त्या आवाजाच्या बोटाला धरून. गेल्या उन्हाळ्यात ते घड्याळ चारला वीस मिनिटं असताना थांबलं. अण्णा म्हणाले, "थकलंय. विश्रांती घेऊ दे." ताई म्हणाली, बरं. तेव्हापासून ती वेळ फोनवर बघू लागली.

अजूनही बारीकसारीक होतं. एक दोनदा अण्णांच्या शर्टाचं बटण एक घर चुकलेलं दिसलं. जिनं तीस वर्षं बटणांवर काढली, तिनं "कॉलर वाकडी झालीय" असं म्हणत ती बटणं गुपचूप काढून लावली होती. रुग्णालयात पेशंट खुर्चीत कसा बसतो यावरून तिला अर्धा आजार कळायचा. ते डोळे ती संध्याकाळी ॲप्रनबरोबर विभागातल्या खुंटीला टांगून घरी यायची. माणूस चोवीस तास तज्ज्ञ राहू लागला तर त्यानं लेक कधी व्हायचं?

पण महिना संपत आला होता. गच्चीवरच्या शिकवणीला न गेलेला इमारतीतला एकमेव म्हातारा तिच्याच घरात होता. तिनं विचारलं. अण्णांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या पोरांना शिकायला उपयोग होणार असेल तर येतो."

अण्णा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भिंग ठेवून. खुर्ची डगडगते हे बसताक्षणी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सारला. गेली सहा वर्षं त्या खुर्चीबद्दल भांडाराशी पत्रव्यवहार चालू होता. बाराच्या बारा जण तिथंच विरघळले.

चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि चाचणी घेण्याचं काम छोटीवर आलं होतं. तिनं पाच शब्द सांगितले, अण्णांनी लगेच तसेच म्हणून दाखवले. शंभरातून सात वजा करताना ते त्र्याण्णव म्हणाले, शहाऐंशी म्हणाले, आणि मग हसून म्हणाले, पुढचं तुम्ही सांगा, मी तपासतो. सगळे हसले. गेंड्याच्या चित्राकडे त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की हे पोतं आहे, आत काय भरलंय ते मात्र बाहेरून सांगता येणार नाही. भांडारपालांनी लेखी दिलेलं सगळ्यांना आठवलं आणि हसू आवरेना. ताई मागच्या बाकावर बसली होती. तीही हसत होती, पण तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलंच राहिलं होतं.

मग छोटीनं घड्याळ काढायला सांगितलं. सगळे आकडे, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर.

अण्णांनी एका दमात गोल काढला. असा गोल की शंकेखोरानं मान पुढं काढून बघितलं, खाली बशी तर ठेवली नाही ना. मग पेन्सिल थांबली. कागदापासून बोटभर वर ती थांबून राहिली. पंखा फिरत होता, आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक ठोका जरा मागं पडत होता. ताईनं तो ऐकला. ऐकून तिनं पंख्याकडे पाहिलं, अण्णांकडे नाही.

अण्णांनी भिंग डोळ्याला चढवलं, वाकले आणि काढायला लागले. दाते दाते असलेलं एक चाक, त्याच्या कुशीत दुसरं. गुंडाळलेली कमान. केसासारखी बारीक स्प्रिंग. तीन स्क्रू, आणि स्क्रूंच्या माथ्यावरच्या चिरासुद्धा. दहा मिनिटांच्या चाचणीला पंचवीस मिनिटं झाली, कुणी हललं नाही.

छोटीनं हळूच विचारलं, "अण्णा, आकडे?"

"आकडे त्या बाजूला, बाळ," अण्णा म्हणाले. "ही मागची बाजू. पन्नास वर्षं मी घड्याळ इथूनच पाहिलं. काटे बघायला गिऱ्हाईक असतं."

टाळ्या पडल्या. प्रशिक्षणाच्या इतिहासात कुठल्या पेशंटला टाळ्या पडल्या असतील तर त्याच. त्याच क्षणी चहा आला, सगळे उठले, कुणी अण्णांना आपलं मनगटावरचं घड्याळ दाखवू लागलं, आणि अण्णा ते कानाशी धरून त्याची दुखणी सांगू लागले. तासाभरानं ते रिक्षात बसून गेल्यावर नियमावलीचं बोट पुस्तिकेत गेलं आणि तिचा चेहरा पडला. पाच शब्द परत विचारायचे राहिले होते. बारा माणसं स्मरणाची चाचणी घेत होती, आणि विचारायचं बाराही जणं विसरली होती. मागच्या बाकावरची तेरावीही.

आता गुण. घड्याळाला तीन: एक गोलाचा, एक आकड्यांचा, एक काट्यांचा. सात जणांनी तीनपैकी तीन दिले. दोघांनी दोन दिले, आकडे मागं असल्याचं पेशंटनं तोंडी सांगितलंय म्हणून. शंकेखोरानं दीड दिला, आणि अर्धा गुण नसतो असं सांगितल्यावर समजा असला तर, असं म्हणाला. नियमावलीनं रकाना मोकळा सोडला, कारण पुस्तिकेत घड्याळाच्या पाठीचा उल्लेख नव्हता. आणि छोटीनं एक दिला.

तो एक ताईला जो लागला तो कुठं लागला हे सांगता येणार नाही. चार महिन्यांची पोरगी! जिनं अजून रजेचा अर्ज नीट लिहिलेला नाही, तिनं अण्णांना तीनपैकी एक द्यावा! दुसऱ्या दिवशी ताईनं छोटीला कपाटातले रबरी चेंडू मोजायला बसवलं, आणि आठवडाभर त्याच चेंडूंची मोजणी रंगानुसार, आकारानुसार आणि शेवटी उडण्यानुसार करून घेतली. छोटी गुपचूप मोजत राहिली. त्यानं तर ताईला जास्तच राग आला.

ताईचा स्वतःचा गुण, ज्याच्याशी सगळे ताडायचे, तो कुठं होता? तिनं आधी पेन्सिलीनं तीन लिहिला होता. मग खोडला. मग त्या जागेवर लिहिलं: अभिप्राय राखून ठेवला आहे.

नियमावलीनं मुख्य कार्यालयाला पत्र लिहून मार्गदर्शन मागितलं. तोवर गोष्ट इमारतीत पोचली होती. हेडमास्तर खाली आले आणि म्हणाले की फेरतपासणीचा अर्ज करा, मी मजकूर सांगतो. आकृती सुबक असेल तर नावं नसली तरी अर्धे गुण द्यायची पद्धत आमच्या काळी होती. तळमजल्यावरच्या आजींचं मत पडलं की माणसाला एवढं येतं तर तपासायचं कशाला. नवरा म्हणाला, मला पाचवा शब्द सांगितलाच नव्हता, तसंच हे.

आणि अधीक्षक स्वतः विभागात आले. त्यांच्या वडिलांचं घड्याळ अण्णांनी कधीकाळी दुरुस्त केलं होतं. चित्र बघून त्यांचे डोळे भरून आले. ते चित्र उचलून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी ते चौकटीत घालून, काच लावून, त्यांच्या खुर्चीच्या मागं भिंतीवर चढलं. ताईला रोज सही घ्यायला तिथं जावं लागायचं. सही होईपर्यंत ती चाकांकडे बघत उभी राहायची. येणारा जाणारा म्हणायचा, वा, काय हात आहे! आणि प्रत्येक वा बरोबर तिचे खांदे थोडे अजून खाली यायचे. कौतुकानं इतकं दमायला होतं हे तिला माहीत नव्हतं.

मुख्य कार्यालयाचं उत्तर शुक्रवारी आलं. घड्याळ कोणत्या बाजूने काढावे याविषयी या कार्यालयाचे कोणतेही धोरण नाही. तथापि प्रशिक्षकाने दिलेला गुण अंतिम राहील. तो मूळ उत्तरपत्रिकेवर शाईने नोंदवून सोमवारी सादर करावा. अन्यथा प्रशिक्षण रद्द समजून पहिल्यापासून घ्यावे.

पहिल्यापासून. म्हणजे गेंड्यापासून. ताईनं डोकं टेबलावर टेकवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

मूळ उत्तरपत्रिका भिंतीवर होती. अधीक्षक म्हणाले, न्या की, पण चौकट आता साहित्य नोंदवहीत चढलीय, भांडारपालांची चिठ्ठी लागेल. भांडारपाल म्हणाले की भिंतीवरची वस्तू खाली उतरवणं हे दुरुस्ती विभागाचं काम. दुरुस्ती विभाग म्हणाला, उतरवतो, पण ती बिघडलीय असं लिहून द्या. ताईनं लिहून दिलं: घड्याळ बिघडलेले आहे. लिहून झाल्यावर ती त्या वाक्याकडे बघत राहिली. मग कागद पटकन उलटा करून देऊन टाकला.

चौकट काखेत धरून ती विभागात आली तेव्हा छोटी एकटीच होती, चेंडूंच्या पेटीशी. ताई बसली. खुर्ची डगडगली नाही, अण्णांची घडी अजून तशीच होती.

"तू एक का दिलास?" तिनं विचारलं. आठ दिवसांनी, आणि आठ दिवसांचा राग विचारता विचारताच संपून गेला.

छोटी घाबरली. पण उत्तर तिच्याजवळ तयार होतं. "गोल चांगला होता, म्हणून एक. बाकीचं मी शोधलं, ताई. अण्णा म्हणाले ना, आकडे त्या बाजूला आहेत. तर मी नंतर कागद उलटून पण बघितला."

मागं काही नव्हतं. कोरा कागद. ते सांगायची तिला गरजही पडली नाही.

"उद्यापासून चेंडू मोजू नकोस," ताई म्हणाली.

रविवारी दुपारी घर शांत होतं. नवरा बाहेर गेला होता. ताईनं चौकट टेबलावर ठेवली, शेजारी शाईचं पेन ठेवलं. चौकटीच्या पाठीला बारीक खिळे मारलेले होते, ते काही निघेनात. एक नख तुटलं. अण्णा आपल्या खुर्चीतून बघत होते. उठले, आपली जुनी डबी घेऊन आले, चिमटा काढला. "सरक," म्हणाले.

एक एक खिळा त्यांनी असा काढला की लाकडाला कळलंही नाही. हात तोच होता. त्यात काही चुकत नव्हतं, काही विसरत नव्हतं. पाठ उघडली, काच बाजूला केली, कागद तिच्यापुढं ठेवला. मग खिळे मोजून डबीत टाकले आणि तिच्या समोरच बसले. इतके दिवस ते समोर बसायचं टाळत होते, हे ते समोर बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

ताईनं पेन उचललं. सगळे शब्द तिच्याजवळ होते. हजार पेशंटना, हजार पेशंटच्या लेकींना ती ते मऊ आवाजात सांगत आली होती. एकही तिच्या तोंडून निघेना. तेव्हा ती लहानपणी शिकलेलं एकच काम करू शकली. तिनं कान दिला. घरात टिकटिक नव्हती. अण्णांचा श्वास होता, नाकातून येणारा, आणि मध्येच एक श्वास जरा दमलेला, जिना चढून आल्यासारखा.

"त्या बारक्या मुलीनं किती दिले?" अण्णांनी विचारलं.

"एक."

"गोलाचा?"

"हो."

"बरोबर दिलाय," अण्णा म्हणाले. "तिला चांगलं शिकवलंस तू."

ताईनं कागदावर एक लिहिला. शाई वाळेपर्यंत दोघंही त्या एकाकडे बघत बसले.

मग अण्णा बोलले, टेबलाकडे बघत, गिऱ्हाइकाला त्याच्या घड्याळाचं दुखणं सांगावं तसं, सावकाश. "मागून मला अजून सगळं दिसतं गं. पुढून लागत नाही. लांब काटा कशाचा, बारका कशाचा, बघत बसलं की दोन्ही फिरायला लागतात. तिथं एवढी पोरं बसली होती तुझी, म्हणून मागून काढलं."

ताईनं त्यांचा हात धरला. अण्णांनी तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी भिंतीकडे दाखवलं, चारला वीस मिनिटं असताना उभ्या राहिलेल्या घड्याळाकडे.

"आणि ते थकलेलं वगैरे काही नाही. चांगलं आहे ते. मीच चावी देत नाही," अण्णा म्हणाले. "चालू राहिलं असतं तर तू आतून मला वेळ विचारली असतीस."